किक बसली की चार माणसे जमतात

लोहाऱ्याच्या बाजारपेठेत एखाद्या गॅरेजसमोर तासभर उभे राहिले, तर एक गोष्ट नजरेत भरते. नवी कोरी गाडी सर्व्हिसिंगला आली तर तिच्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही. पण कोणी जुनी राजदूत किंवा येझदी ढकलत आणली आणि ती किक घेत नसली, की दहा मिनिटांत चार माणसे जमतात. एक जण म्हणतो, "पेट्रोल उतरतंय का बघा आधी." दुसरा सांगतो, "प्लग काढा, ओला झाला असंल." तिसरा काही न बोलता खाली बसतो आणि टाकीखालच्या कॉकला हात घालतो. गाडीवाल्याशी त्याची ओळख असतेच असे नाही. कधी काळी अशीच गाडी त्याच्याही दारात उभी होती, एवढे नाते पुरते.

जुन्या मोटारसायकली मातीत पळवण्याचा एक हौशी खेळ जगभर खेळला जातो. त्याविषयी लिहिताना आम्ही गॅरेजपासून सुरुवात केली, कारण त्या खेळाचा जीव याच घोळक्यात आहे.

खेळ तसा साधा. माळावर किंवा कुरणात वाकडीतिकडी पट्टी आखायची. तीत दोन-चार उंचवटे, एखादा उतार, एखादे ओलसर वळण. तीस, चाळीस, साठ वर्षांपूर्वीच्या गाड्या एका रांगेत उभ्या करायच्या, झेंडा पडला की सुटायचे आणि ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या करायच्या. स्वार हे पोटापाण्याचा दुसरा उद्योग असलेले लोक. कोणी शिक्षक, कोणी सुतार, कोणी निवृत्त कारकून. मोठ्या इनामाची आशा नसते, फार तर एखादा चषक. अमेरिकेत अशा शर्यती भरवणारी 'अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशन' ही संस्था पन्नाशी, साठी आणि सत्तरी ओलांडलेल्यांसाठी वेगळे गट ठेवते. सत्तरीचा माणूस मातीत मोटारसायकल घेऊन उतरतो आणि त्याला उतरू दिले जाते, यावरून त्या मंडळींना खेळातून काय हवे आहे याची कल्पना यावी.

या खेळाचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. २९ मार्च १९२४ रोजी सरे परगण्यात, कँबर्लीच्या माळावर, काही स्वारांनी खडबडीत रानातून केवळ वेगाची शर्यत लावली. त्याआधी रानातल्या चाचण्यांत कौशल्याचे गुण मोजत, पाय टेकला की गुण जात. इथे तो हिशेब बाजूला ठेवला आणि जो आधी पोहोचेल तो जिंकला असे ठरवले. या प्रकाराला इंग्लंडमध्ये स्क्रँबल म्हणू लागले. पुढे युरोपात त्याला मोटोक्रॉस हे नाव मिळाले आणि १९५७ पासून जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती सुरू झाल्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यात गाड्यांच्या शॉकअॅब्सॉर्बरमध्ये मोठा बदल झाला. आधी चाक जेमतेम चार इंच वर-खाली होई. आता ते दुप्पट, मग तिप्पट हलू लागले, आणि गाडी उंचवट्यावरून घरभर उंच उडू लागली. त्या बदलाने जुन्या गाड्या एका रात्रीत निरुपयोगी ठरल्या. त्या गोठ्यात, परसात, ताडपत्रीखाली गेल्या. काही वर्षांनी त्याच गाड्यांवर जीव असणाऱ्यांनी त्या पुन्हा बाहेर काढल्या आणि आपसात ठरवले की अमुक सालाच्या आधीचीच गाडी चालेल. इंग्लंडमध्ये १९६५ पूर्वीच्या, अमेरिकेत साधारण १९७४ पर्यंतच्या, असे गट पडले. नियमाचा हेतू स्पष्ट होता. पैसा ओतून पुढे जाण्याची वाट बंद व्हावी आणि सगळ्यांना तेच चार इंच मिळावेत.

यात आपला संबंध काय, असा प्रश्न लोहाऱ्याच्या वाचकाला पडेल. संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे, कारण आपल्या दारात उभ्या राहिलेल्या जुन्या गाड्यांचा जन्मच मातीतला आहे.

बुलेटचे उदाहरण घ्या. आज ती रुबाबाची, हमरस्त्याची गाडी समजली जाते. परंतु मागच्या चाकाला झुलता दांडा आणि दोन शॉकअॅब्सॉर्बर असलेली बुलेट लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती १९४८ साली, इंग्लंडमधल्या चिखलातल्या एका चाचणी स्पर्धेत. त्याच वर्षी इटलीत सान रेमो इथे झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ब्रिटिश संघ विजयी झाला आणि त्या संघातल्या दोघा बुलेटस्वारांना सुवर्णपदके मिळाली. १९५२ साली जॉनी ब्रिटन या तरुणाने स्कॉटलंडची सहा दिवसांची चाचणी ३५० सीसी बुलेटवर जिंकली. भारतीय लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट निवडली ती याच काळात, आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडियाचा कारखाना उभा राहिला. १९७० च्या सुमारास मूळची ब्रिटिश कंपनी संपली. मद्रासची बुलेट मात्र निघत राहिली.

जावाची गोष्ट याहून रसाळ आहे. १९२९ साली फ्रांटिशेक यानेचेक या चेक उद्योजकाने जर्मन वाँडरर कंपनीची गाडी बनवण्याचे हक्क घेतले. दोन नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' झाली. तिचीच भावंड म्हणावी अशी दुसरी चेक गाडी सीझेड. साठच्या दशकात मोटोक्रॉसचे मैदान सीझेडने गाजवले. बेल्जियमचा जोएल रोबेर १९६४, १९६८ आणि १९६९ मध्ये २५० सीसी गटात, तर पूर्व जर्मनीचा पाउल फ्रिडरिक्स १९६६ ते १९६८ अशी सलग तीन वर्षे ५०० सीसी गटात जगज्जेता झाला, तो सीझेडवर. जावाच्या नावाने निघालेली शर्यतीची दुसरी जात म्हणजे स्पीडवेची गाडी. तिला ब्रेकच नसतो. मातीच्या लंबगोल पट्टीवर चार स्वार, चार फेऱ्या, वळण डावीकडेच, आणि वेग आवरायचा तो मागचे चाक घसरवून. याच घराण्यातली २५० सीसीची दुचाकी म्हैसूरला १९६१ पासून तयार होऊ लागली. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी आयडियल जावा हा कारखाना काढला होता. पुढे नाव बदलून येझदी झाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये लाकडी फळ्यांच्या भिंतीवर आडवी धावणारी जुनी येझदी आपल्याकडच्या अनेकांनी डोळे विस्फारून पाहिली आहे. तिच्या अंगात ते कुठून आले, याचे उत्तर या घराण्यात आहे.

राजदूत पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घडली. ती १७५ सीसीची, दणकट, जड आवाजाची. गुरुजी, ग्रामसेवक, दूधवाला, पशुवैद्य यांची गाडी. दोन्ही बाजूंना दुधाची कॅन अडकवलेली राजदूत वस्तीवरून गावात येताना जो रस्ता कापी, त्याला रस्ता म्हणणे हे सौजन्यच होते. आमच्या लहानपणी पावसाळ्यात काळ्या रानातून आलेल्या गाडीचे पुढचे चाक मडगार्डमध्ये रुतून बसायचे. चिकण माती चाकाबरोबर वर चढत जाई, पत्र्यात ठासून भरे आणि शेवटी चाक फिरेनासे होई. मग काडीने, दगडाने, नाहीतर बोटांनी माती उकरायची, दहा पावले ढकलायची, पुन्हा उकरायची. कंटाळून अनेकांनी पुढचे मडगार्डच काढून टाकले होते. मोटोक्रॉसच्या गाडीचे मडगार्ड चाकापासून हातभर वर बसवलेले असते, त्यामागचे एक कारण हेच. ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांनी कोणत्याही पुस्तकावाचून, गरजेपोटी शोधली होती. चढावर पायठाण्यावर उभे राहायचे, घसरड्या वळणात आतला पाय जमिनीलगत सोडायचा, ढेकळांत हँडल घट्ट न धरता थोडे मोकळे सोडायचे, हे सारे शर्यतीच्या शिकवणीत सांगतात. वस्तीवर राहणाऱ्या कोणालाही ते ठाऊक असते. खेळाचे नाव तेवढे ठाऊक नसते.

पुढे १९८५ च्या अखेरीस यामाहाची आरएक्स १०० आली आणि तरुणांचे मन तिच्यावर गेले. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजनाने हलकी. १९९६ पर्यंत ती निघत होती. आपल्या देशात मातीतल्या शर्यतींमध्ये हौशी पोरांनी सर्वांत जास्त पळवलेल्या गाड्यांत तिचे नाव घ्यावेच लागेल. सायलेन्सरचा तो चिरका आवाज अजूनही कानावर पडला की मध्यमवयीन माणूस बोलता बोलता थांबतो.

जुन्या गाडीवर माणूस एवढा जीव का लावतो, हे समजायचे तर इंजिनात थोडे डोकवावे लागते. राजदूत, येझदी, आरएक्स ही टू-स्ट्रोक इंजिने. त्यांच्या सिलिंडरच्या डोक्यावर व्हॉल्व्हची यंत्रणा नसते. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक हे तीन मुख्य हलणारे भाग. वंगण पेट्रोलबरोबरच आत जाते आणि जळते, म्हणून तो निळसर धूर आणि तो ओळखीचा वास. एवढे सुटसुटीत यंत्र असल्याने ते झाडाखाली, गोणपाट अंथरून उघडता येते. पॉइंटमधली फट मोजायला साधन नसले, तर सिगारेटच्या पाकिटातला कागद मध्ये धरून मिस्त्री ती लावतो. कागद ओढल्यावर नुसता सरकला तर फट जास्त, फाटला तर कमी. येझदीची किक आणि गिअर हा एकच दांडा. किक मारून झाली की तोच खाली वळवायचा आणि गिअर टाकायचा. नवख्याच्या हाती गाडी दिली की तो किक शोधत बसतो. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. ती सुरू करायची तर आधी हँडलवरचा छोटा दांडा दाबून पिस्टन योग्य जागी आणायचा, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचे आणि मग एक पुरी किक. घाई केली तर किक उलटते आणि पोटरी सुजते. हे तंत्र पुस्तक वाचून येत नाही. बापाने मुलाला, मिस्त्रीने पोऱ्याला, शेजाऱ्याने शेजाऱ्याला शेजारी उभे राहून शिकवावे लागते.

आमच्या मते या खेळातल्या दोस्तीचे मूळ इथे आहे. जुनी गाडी एकट्या माणसाला चालवता येते, पण एकट्याला राखता येत नाही. तिचे भाग दुकानात सहज मिळत नाहीत. एकाकडे क्रँक असतो, दुसऱ्याकडे कार्बोरेटरची सुई, तिसऱ्याकडे बोअर करून देणारा ओळखीचा लेथवाला. शर्यतीच्या सकाळी एखाद्याचा प्लग गेला, तर दुरुस्तीची गाडी येणार नसते. येतो तो शेजारी उभा असलेला प्रतिस्पर्धी, हातात आपला राखीव प्लग घेऊन. पाच मिनिटांनी त्याच माणसाला त्याच वळणावर मागे टाकायचे असते. यात विसंगती वाटेल. पण कुस्तीचा फड पाहिलेल्या माणसाला ती वाटू नये. ताक, लिंबू, तेल, हळद घालून घडवलेल्या तांबड्या मातीत उतरताना पैलवान आधी ती माती कपाळाला लावतो आणि मूठभर माती समोरच्याच्या अंगावर टाकतो. ओलेत्या अंगाची पकड निसटू नये म्हणून समोरच्यालाच माती द्यायची, ही रीत आपल्याला नवी नाही. चांगली लढत हवी तर समोरचा धडधाकट उभा हवा. मोटारसायकलवालाही तेवढ्याचसाठी प्लग देतो. समोरची गाडी सुरूच झाली नाही, तर शर्यत कुणाशी लावायची?

महाराष्ट्र आणि गोव्यात या भावनेची वेगवेगळी रूपे पाहायला मिळतात. गोव्यात भरणाऱ्या बुलेटवाल्यांच्या वार्षिक मेळ्यात, ज्याला अनेक वर्षे रायडर मेनिया म्हणत आणि आता मोटोव्हर्स म्हणतात, मातीच्या पट्टीवरची शर्यत हे मोठे आकर्षण असते. आपल्या रोजच्या गाडीवर आलेला माणूसही तिथे धूळ अंगावर घेतो. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीचा दिवस पाळला जातो आणि पुण्यासह अनेक शहरांत जुन्या गाड्या ओळीने उभ्या राहतात. मुंबई-नवी मुंबईच्या बाजूला बरीच वर्षे पावसाळ्यात स्कूटरांची रॅली भरत असे. भाजी आणायला नेतात ती स्कूटर गुडघाभर चिखलात. दुसऱ्या टोकाला, २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात व्यावसायिक सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. परदेशी स्वार, प्रकाशझोत, संघांचे मालक. तो खेळ मोठा आहे, त्यातले कौशल्य थक्क करणारे आहे आणि आपल्या मुलांना त्यातून वाट मिळत असेल तर आनंदच आहे. पण तिथे प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये कठडा असतो. हौशी शर्यतीत दुपारपर्यंत प्रेक्षकाच्या हातात पाना आलेला असतो. लोहाऱ्यासारख्या गावाला परवडेल आणि मानवेल ते हे दुसरे.

आता ज्या गोष्टीची काळजी वाटते, ती बोलली पाहिजे. शर्यत म्हटले की पालकांच्या पोटात गोळा येतो आणि तो रास्त आहे. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर रात्री पोरे गाड्यांची चुरस लावतात. हेल्मेट नसते, सायलेन्सर फोडलेला असतो, समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो, त्याच्या मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो. एका क्षणात घर उद्ध्वस्त होते. कायद्याने या प्रकाराला जागा नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वेगाची शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड ठरवला आहे. पुन्हा सापडल्यास कैद एक वर्षापर्यंत जाते. या कलमाची कडक अंमलबजावणी व्हावी असेच आम्ही म्हणू.

मात्र दंडाने वेगाची ओढ मरत नाही. ती विशीच्या रक्तात असते. बैलगाडा शर्यतीच्या बाबतीत महाराष्ट्राने हा अनुभव घेतला आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. नऊ वर्षांच्या त्या वादात जनावराच्या हालांचा प्रश्न खरा होता, आणि आजही नियम पाळले जातात की नाही यावर डोळा ठेवावा लागतो. पण खेळ उघड्यावर आला की त्याला नियम लावता येतात, डॉक्टर उभा करता येतो, आयोजकाला जाब विचारता येतो. चोरून होणाऱ्या गोष्टीला यातले काहीच लागू होत नाही. मोटारसायकलच्या बाबतीत तर जनावराचा प्रश्नही नाही. आहे तो माणसाच्या हाडांचा.

म्हणून मातीची पट्टी सुरक्षित असते असे आम्ही म्हणणार नाही. पडणे हा या खेळाचा भागच आहे. गळ्याच्या बाजूचे हाड मोडते, मनगट मुरगळते, तापलेल्या सायलेन्सरने पोटरी भाजते. फरक वेगाचा आहे. वळणावळणाच्या पट्टीवर जुनी गाडी जे अंतर कापते, त्यातला बराच भाग दुसऱ्या गिअरात जातो. समोरून कोणी येत नाही, सगळे एकाच दिशेने जातात, आणि पडणारा डांबराऐवजी भुसभुशीत मातीवर पडतो. यावर उरलेली काळजी माणसांनी घ्यायची. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, छातीचे आणि गुडघ्याचे कवच, घोट्याच्या वर जाणारे बूट. स्वार पडताच इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला. प्रत्येक वळणावर पिवळा झेंडा घेतलेला माणूस. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कडब्याच्या पेंढ्या किंवा भुसकटाची पोती. प्रेक्षक दोरीपलीकडे, आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला कोणीही नाही. रुग्णवाहिका आली नसेल तर झेंडा पडायचा नाही, मग तालुक्यातले कोणी कितीही मोठे पाहुणे मांडवात येऊन बसलेले असोत. देशात मोटार क्रीडाप्रकारांचे नियमन 'फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया' ही संस्था करते. परवान्यापासून पट्टीच्या तपासणीपर्यंतची तिची चौकट तयार आहे, ती आपल्याला नव्याने शोधायची नाही.

आणखी एक पेच आहे आणि तो जुन्या गाडीवर खरे प्रेम असणाऱ्यांनाच पडतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. मूळ रूपात जपलेल्या अशा गाडीला स्वतंत्र मालिकेतला क्रमांक मिळतो. नवी नोंदणी २०,००० रुपयांना, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपयांना. रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. ही तरतूद चांगली आहे. तिच्यामुळे साठच्या दशकातल्या जावाला भंगारवाल्याच्या तराजूपासून संरक्षण मिळाले. पण मूळ रूप राखायचे म्हटले की गाडी मातीत नेता येत नाही, आणि मातीत न्यायची म्हटली की सायलेन्सर वर घ्यावा लागतो, दिवे काढावे लागतात, मडगार्ड बदलावे लागते. एकाच वस्तूवरच्या प्रेमाचे हे दोन प्रकार आहेत. एकाला ती होती तशी पाहायची असते, दुसऱ्याला ती होती तशी पळवायची असते. आमचे मत असे की, जिची टाकी, दिवे, कागदपत्रे, रंग जागेवर आहेत अशी गाडी कापून शर्यतीची करणे हा तिच्यावर अन्याय आहे. पण सांगाडा आणि इंजिन एवढेच उरलेल्या, परसात कोंबड्या बसतात अशा गाड्याही गावोगाव आहेत. मातीवर हक्क त्यांचा.

इंधनाचाही विचार करावा लागेल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्याचा काही भाग आपल्याच उसातून येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते हिताचे आहे. पण साठ-सत्तरच्या दशकातले रबर इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. नळ्या फुगतात, वॉशर चिकटतात, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, टाकी आतून गंजते. उपाय सोपे आहेत. नळ्या नव्या रबराच्या घालाव्यात, आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत. हे आजही अनेक मालकांना कोणी सांगितलेले नाही. मिस्त्रीच सांगू शकतो.

मिस्त्री हा या सगळ्या विषयातला सर्वांत दुर्लक्षित माणूस आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे मानक आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आज आयटीआयमध्ये शिकणारा मुलगा बिघाड संगणकावरच्या खुणेवरून ओळखतो. ते काळाला धरूनच आहे. परंतु आवाजावरून मिश्रण पातळ की जाड ते सांगणारा, प्लगच्या टोकाचा रंग पाहून इंजिनाची नाडी ओळखणारा जो मिस्त्री आज साठीला आला आहे, त्याच्याकडून हे घेणारे कोणी नाही. त्याच्या गॅरेजमध्ये पोऱ्या टिकत नाही, कारण जुन्या गाडीच्या कामाला दिवस लागतो आणि पैसे तासाचे मिळतात. वर्षातून एक शर्यत भरली, तर तिच्या आधीचे दोन महिने त्याच्या दारात तरुण पोरे बसतील. रानात कोण पहिला आला यापेक्षा त्या दोन महिन्यांचे मोल आम्हाला अधिक वाटते.

या भागाला जुन्या वस्तूंचे मोल वेगळे सांगायची गरज नसावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात सास्तूर आणि आसपासच्या गावांत भिंतींबरोबर पिढ्यांच्या वस्तू गाडल्या गेल्या. जाती, पेट्या, पाळणे, फोटो. नव्या जागी नवी घरे मिळाली, रुंद रस्ते मिळाले. ज्या घरांतून काही वस्तू ढिगाऱ्याखालून निघाल्या, त्या घरांनी त्या वस्तू टाकल्या नाहीत. मोडक्या असल्या तरी ठेवल्या. अशा मुलखात एखाद्याने आजोबांच्या राजदूतीचे इंजिन धान्याच्या कोठीशेजारी पोत्यात बांधून ठेवले असेल, तर त्यामागचे मन समजायला कष्ट पडत नाहीत.

लोहाऱ्यात ही शर्यत घ्यायची तर उन्हाळ्यात घेऊ नये. रब्बी निघाल्यावर राने मोकळी असतात म्हणून कोणीही मार्च-एप्रिलच सुचवेल. पण उन्हाळ्यातली पट्टी धुळीची होते, पुढच्या स्वाराच्या धुरळ्यात मागच्याला काही दिसत नाही, आणि धूळ बसवायला आदल्या रात्री टँकरने पाणी मारावे लागते. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहतात, तिथे मोटारसायकली पळवायला पाणी ओतणे कोणालाही शोभणार नाही. योग्य वेळ दिवाळीनंतरची. सोयाबीन निघालेले असते, हरभरा-ज्वारीची पेरणी उरकलेली असते, माणसांच्या हाती चार पैसे आणि एक मोकळा रविवार असतो. पेरलेल्या रानाला हात लावायचा नाही. माळाची किंवा बरड जमिनीची दोन-तीन एकरांची पट्टी पुरते, आणि परतीच्या पावसाने तिच्या पोटात ओल ठेवलेली असते. दिवस कोणता धरायचा, हे आयोजकांनी कॅलेंडरवरून न ठरवता जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला विचारावे. तो पेरणीआधी करतो तेच करील. वीतभर खालची माती मुठीत घेईल, आवळील आणि मूठ उघडील. गोळा झालाच नाही तर माती कोरडी, बोटांना चिकटून राहिला तर अजून चार दिवस थांबा. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबताच फुटला, तर वाफसा आला. त्या रविवारी गाड्या आणाव्यात.